नदी एक, आराखडे अनेक

शहाद्याला लागून, गोमाई नदीच्या काठी लोणखेडा हे गाव वसले आहे. गावाच्या उत्तरेला पाहिले म्हणजे सातपुड्याची निळसर रांग दिसते. दक्षिणेला थेट तापीपर्यंत काळी, कसदार जमीन पसरलेली आहे. केळी, पपई, ऊस आणि कापूस या पिकांनी या पट्ट्याला सुबत्ता आणली. विहिरीची जागा कूपनलिकेने घेतली आणि कूपनलिकांची खोली हा शेतकऱ्यांच्या बोलण्यातला नित्याचा विषय होऊन बसला. चार माणसे एकत्र आली की विजेच्या वेळापत्रकाची चर्चा होते, पंपाच्या अश्वशक्तीची होते, बाजारभावाची होते. ज्या डोंगरावर पडलेला पाऊस गोमाईतून आणि तिच्या वाळूखालून या शेतांपर्यंत येतो, त्या डोंगराचे काय चालले आहे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो.

पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन पडते, यात नवल वाटेनासे झाले आहे. वस्तुतः ते वाटले पाहिजे. गोमाई ज्या ठिकाणी तापीला मिळते त्या प्रकाशे येथे १९५०च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील वस्तीचे अवशेष सापडले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाने या संगमावर घर बांधले. नदीच्या भरवशावर जी वस्ती इतकी दीर्घकाळ टिकली, त्या नदीचा भरवसा दोन-तीन पिढ्यांत संपत असेल, तर दोष केवळ पर्जन्यमानावर ढकलून चालणार नाही.

खात्यांच्या सीमा आणि पाण्याची वाट

शासनाने आराखडे केले नाहीत, असे म्हणता येणार नाही. आराखड्यांची येथे रेलचेलच आहे. सातपुड्यातील जंगलासाठी वनखात्याची दहा वर्षांची कार्य आयोजना असते. उतारावरच्या जमिनीसाठी मृद्संधारणाचा आराखडा असतो. धरणे आणि बंधारे यांचा विचार पाटबंधारे खाते करते. गावाचा वार्षिक विकास आराखडा ग्रामपंचायतीने तयार करावयाचा असतो. रोजगार हमीच्या कामांची यादी आणखी वेगळी. यांपैकी प्रत्येक कागद आपापल्या जागी नेटका असतो; परंतु वनखात्याची सीमा जेथे संपते तेथे पाणी थांबत नाही आणि महसूल गावाची शीव ओलांडताना माती कोणाची परवानगी घेत नाही.

त्यात कायद्याची विभागणी पडते. १९८५च्या आदेशानुसार अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. शहादा तालुका मात्र अंशतः. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातील पाड्याच्या ग्रामसभेला १९९६च्या पंचायत विस्तार कायद्याने जे अधिकार मिळाले, ते त्या क्षेत्राबाहेरच्या गावाला नाहीत. नदी एक, पण तिच्या काठावरचे कायदे दोन, खाती पाच आणि आराखडे त्याहून अधिक, अशी ही अवस्था आहे. या सर्व आराखड्यांत एक गोष्ट मात्र समान आढळते. ज्यांच्या जगण्याचा तो आराखडा आहे, त्यांना तो बहुधा तयार झाल्यावर दाखविला जातो.

दुराव्याची दीडशे वर्षे

हा दुरावा आजचा नाही. १८७८च्या वन कायद्याने जंगलांची राखीव व संरक्षित अशी वर्गवारी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात वावरणारा माणूस एका रात्रीत आपल्याच अंगणात चोर ठरला. १९२७च्या कायद्याने तीच चौकट पक्की केली. जंगल खात्याच्या या कारभाराची झळ केवळ आदिवासींना बसली असे नव्हे. १८८३च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा जोतीराव फुले यांनी गरीब शेतकऱ्याची गुरे चरावयाची जागा या खात्याने कशी हिरावली, यावर कठोर टीका केली. विशेष म्हणजे त्याच ग्रंथात त्यांनी ताली आणि बंधारे घालून माती व पाणी अडविण्याची सूचनाही केली आहे. निसर्गाचे रक्षण आणि रयतेचा हक्क हे एकमेकांचे वैरी आहेत, असे त्यांना वाटले नव्हते. ही समजूत पुढे सरकारी कचेऱ्यांत रूढ झाली.

सातपुड्याच्या पायथ्याशी या इतिहासाला जमिनीच्या प्रश्नाची जोड मिळाली. आदिवासींच्या जमिनी कर्जापायी आणि फसवणुकीने इतरांच्या हाती गेल्या. त्याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते उभे राहिले, १९७२मध्ये शहाद्यात श्रमिक संघटनेची स्थापना झाली आणि या तालुक्याचे नाव महाराष्ट्रभर गेले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा कायदा राज्याने १९७४मध्ये केला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. सपाटीवरचा बागायतदार आणि डोंगरातला शेतमजूर यांच्या संबंधांत त्या काळाची कटुता राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गोमाईच्या खोऱ्याचा एकत्र विचार करावयाचा तर ही पार्श्वभूमी झाकून ठेवता येणार नाही.

पुढे सरदार सरोवराने नवा पेच निर्माण केला. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बुडितक्षेत्रात येत होती. त्यांतील विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९०मध्ये तळोद्याचे सुमारे २,७०० हेक्टर वनक्षेत्र मोकळे करण्यात आले. धरणग्रस्तांना जमीन मिळणे न्याय्यच होते. पण त्याच जंगलात पूर्वीपासून कसणारे आदिवासी होते आणि त्यांना अतिक्रमक म्हटले जात होते. एकीकडे पोटासाठी दोन एकर कसणाऱ्यावर जंगलाच्या नाशाचा ठपका ठेवावयाचा आणि दुसरीकडे शासनाने एका आदेशासरशी हजारो एकर झाडी तोडण्यास मोकळी करावयाची, ही विसंगती डोंगरातल्या माणसाने पाहिली. यानंतर त्याला ‘जंगल तुमचेच आहे, ते राखा’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याकडे त्याने संशयाने पाहिले, तर त्यात त्याचे काय चुकले?

कायद्याने दिलेला अधिकार

धोरणाचे वारे हळूहळू बदलले, हेही मान्य केले पाहिजे. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने वनांच्या उत्पन्नावर तिथल्या लोकांच्या गरजांचा अग्रहक्क मानला. १९९०मध्ये केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाची कल्पना मांडली आणि १९९२मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. गावोगाव समित्या झाल्या. परंतु या समित्यांचे अस्तित्व शासननिर्णयावर अवलंबून होते आणि चाव्या वनखात्याच्याच कमरेला होत्या. लोकांनी राखण करावी, निर्णय खात्याने घ्यावा, अशी ती भागीदारी होती.

खरा फरक पडला तो २००६च्या वनहक्क कायद्याने. २००८पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. वैयक्तिक शेतजमिनीचे दावे ही या कायद्याची एक बाजू; तिच्यावरच चर्चेचा सारा झोत राहिला. दुसरी बाजू अधिक दूरगामी आहे. गावाने परंपरेने जे जंगल वापरले आणि राखले, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेला दिला. नियमांनुसार ग्रामसभेने आपली समिती नेमावयाची असते, त्या समितीने संधारण व व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावयाचा असतो आणि वनखात्याच्या आराखड्याशी त्याचा मेळ घालताना आवश्यक ते फेरफार कोणते, हे ठरविण्याचा अधिकारही समितीकडेच आहे. म्हणजे योजनेत लोकांना सामावून घेण्याची भाषा येथे अपुरी पडते. कायद्याच्या दृष्टीने योजना लोकांचीच आहे. तिच्यात सहभागी व्हावयाचे आहे ते शासनाने.

कायद्याचे हे मर्म फार थोड्या कचेऱ्यांनी ओळखले. दावा मंजूर झाला, प्रमाणपत्र वाटले, छायाचित्र निघाले की काम संपले, अशी अनेक ठिकाणची रीत आहे. नंदुरबार जिल्ह्यातही अनेक गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत. पण हक्काचे प्रमाणपत्र आणि राखलेले जंगल यांच्यामध्ये बरीच वाट चालावी लागते, आणि ती वाट आराखड्यातून जाते.

जेथे ते साधले

ही वाट चालता येते याचे पुरावे दूर शोधावे लागत नाहीत. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे छोटे गाव आहे. उजाड झालेला डोंगर पाहून १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तेथील लोकांनी कुऱ्हाडबंदी केली, राखणदार नेमले, नियम मोडणाऱ्याला दंड ठरविला. सुमारे १,१०० एकर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले आणि कामासाठी गाव सोडण्याची पाळी टळली. या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे गेले. गावाने मात्र त्यापूर्वी तीस वर्षे मुकाट्याने राखण केली होती.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा हे गोंडांचे गाव तर देशाला ठाऊक आहे. सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते; २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा अधिकार मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती येण्यास २०११ उजाडावे लागले. मेंढ्याचे यश हक्काच्या कागदातून आलेले नाही. अभ्यासगट बसवून प्रश्न समजून घेणे आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय करणे, ही सवय त्या गावाने हक्क मिळण्यापूर्वीच अंगी बाणवली होती.

पश्चिम बंगालमधील अराबारी येथे १९७२मध्ये एका वनाधिकाऱ्याने सुमारे १,२७२ हेक्टर उजाड सालवन शेजारच्या गावांच्या मदतीने राखण्याचा प्रयोग केला आणि उत्पन्नाचा चौथा हिस्सा गावकऱ्यांना देऊ केला, जंगल परतले. नेपाळने १९९३च्या कायद्याने वने उपभोक्ता गटांच्या हाती सोपविली आणि तेथे असे वीस हजारांहून अधिक गट आज काम करतात. या सर्व उदाहरणांत प्रदेश वेगळे, जाती-जमाती वेगळ्या, झाडे वेगळी. सूत्र मात्र एकच. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे आणि उत्पन्नात वाटा आहे, तोच रात्री उठून कुऱ्हाडीचा आवाज कोठून येतो ते पाहावयास जातो.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. वनहक्काच्या आशेने नवी झाडे तोडून नवी शेते पाडली गेली, अशी तक्रार केली जाते. काही ठिकाणी तसे घडलेही असेल. पण कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही मर्यादा घातली आहे आणि तिच्यापूर्वीची वहिवाट कोणती व नंतरची कोणती, हे गावातल्या म्हाताऱ्यांइतके कोणालाच नेमके ठाऊक नसते. ज्येष्ठांचे जबाब पुराव्यात धरण्याची तरतूद त्यासाठीच आहे. ग्रामसभा जागी असेल तर खोटा दावा तेथेच पडतो. ती झोपलेली असेल तर तो वरपर्यंत जातो. म्हणजे हा आक्षेप लोकांच्या सहभागाविरुद्ध नसून त्याच्या अभावाविरुद्ध आहे.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. वनशास्त्र हा तज्ज्ञांचा विषय आहे, निरक्षर माणूस आराखडा काय करणार, असे सुशिक्षितांनाही वाटते. कोणत्या ओढ्याला होळीपर्यंत पाणी राहते, मोहाला फूल कोणत्या उतारावर आधी येते, चारोळीचे झाड ओरबाडले तर किती वर्षे फळत नाही, हे अक्राणीतील पावरा स्त्रीला जेवढे ठाऊक आहे तेवढे कार्य आयोजनेच्या तक्त्यांत मिळणार नाही. उलट भूजलाची पातळी कशी मोजावी, कोणत्या खडकात पाणी मुरते, हे तिला भूवैज्ञानिकाकडून कळले पाहिजे. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. अडचण एवढीच, की आजवर यांपैकी एकाच ज्ञानाला बसावयास खुर्ची मिळाली.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. ग्रामसभेत गट पडतात, पुढारी घुसतात, पैसा आला की भांडणे येतात. हे खरे आहे. परंतु विधिमंडळातही गट पडतात. म्हणून कोणी विधिमंडळ बंद करावे असे म्हणत नाही.

सहभागाचा देखावा

या आक्षेपांहून मोठा धोका आहे तो सहभागाच्या देखाव्याचा. ग्रामसभा वर्षातून ठरावीक दिवशी भरते. प्रजासत्ताक दिन हा त्यांतला एक. आता सातपुड्यातील पाड्यांची स्थिती काय असते? दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेकडे जातात आणि पुष्कळ जण होळीच्या ओढीनेच परततात. २६ जानेवारीला पाड्यावर म्हातारी माणसे, लहान मुले आणि कुत्री उरलेली असतात. त्या दिवशी जी सभा होते, तिच्या ठरावाला गावाची संमती म्हणावयाचे, ही स्वतःचीच फसवणूक होय. वनहक्काच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. गाव रिकामा असताना ही गणसंख्या वहीत कशी भरते, याची चौकशी व्हावयास हवी.

भाषेचेही तसेच. आराखडा सरकारी मराठीत लिहिला जातो. तो शहाद्याच्या कारकुनालाही दोनदा वाचावा लागतो. ज्यांच्या घरात भिली किंवा पावरी बोलली जाते त्यांच्यापुढे तो वाचून दाखविणे म्हणजे ऐकविल्याचा विधी उरकणे. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत ती काय?

म्हणून सुरुवात काही साध्या गोष्टींपासून करावी लागेल. संधारणाच्या आराखड्याची सभा होळीनंतर आणि पावसापूर्वी, पाड्यावर, पाड्याच्या बोलीत व्हावी. लेखी आराखड्याआधी नकाशा व्हावा. तो जमिनीवर काढला तरी चालेल, कारण ओढा, देवराई, चराई आणि पाणवठा दाखवायला अक्षरओळख लागत नाही. आराखड्यातील बांधबंदिस्तीची आणि जलसंधारणाची कामे रोजगार हमीतून दिवाळी संपताच सुरू व्हावीत, म्हणजे आराखडा करणारी माणसे त्याच वेळी गाव सोडून जाणार नाहीत. मजुरी वेळेवर मिळाली तरच हे साधेल, हे वेगळे सांगावयास नको. आणि ग्रामसभेने सुचविलेली गोष्ट एखाद्या खात्याने नाकारली, तर त्या खात्याने आपली कारणे ठरावीक मुदतीत लेखी द्यावीत. या शेवटच्या एका नियमाने जेवढा फरक पडेल तेवढा अनेक परिसंवादांनी पडणार नाही.

लोणखेड्याचा वाटा

आणि आता पुन्हा लोणखेड्याकडे. डोंगरातल्या ग्रामसभेने जंगल राखावे आणि सपाटीने पाणी उपसावे, एवढ्यावर हा व्यवहार संपत असेल तर तो जुन्याच अन्यायाची नवी आवृत्ती ठरेल. ज्या भागातील शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाना उभारला, त्यांना सामूहिक हिताचा हिशेब शिकविण्याची गरज नाही. उसाच्या टनामागे किती पैसे येतात हे जसे त्यांना कळते, तसेच त्या टनामागे किती पाणी गेले आणि ते कोठून आले, हेही कळू शकते. उपशावर स्वतःहून मर्यादा, ठिबक सिंचन, गोमाईच्या वाळूचा उपसा थांबविणे आणि नदीकाठच्या गावांनी डोंगरातील राखणीसाठी दरवर्षी काही निधी देणे, या गोष्टी सपाटीच्या ग्रामसभांनी आपल्या आराखड्यात घातल्या पाहिजेत. यात उपकाराचा भाग नाही. उसाच्या दाट शेतात बिबट्या आसरा घेतो, हे शहादा-तळोदा परिसराला आता नवे राहिलेले नाही. डोंगरातले बिघडले की ते सपाटीच्या दारात येते, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षकांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना येथे मोठे काम आहे. विहिरींच्या पातळीची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची नोंद, पावसाचे मोजमाप, ओढ्यांचा नकाशा, पाड्यांच्या बोलीतील झाडांची नावे, ही माहिती कोणत्याही शाळेला वर्षानुवर्षे गोळा करता येईल. जैवविविधतेची लोकनोंदवही करण्याची सोय २००२च्या कायद्याने केलेलीच आहे. ती ठेकेदाराकडून भरून घेण्याऐवजी गावच्या मुलांनी आपल्या आजीला विचारून भरली, तर तिला खरी किंमत येईल. सातपुड्यातले अनेक विद्यार्थी शिक्षणासाठी शहादा-लोणखेडा परिसरात येऊन राहतात. डोंगराची बोली आणि सपाटीची भाषा दोन्ही जाणणारा हा तरुण वर्ग या कामातला स्वाभाविक दुवा आहे.

गोमाईच्या खोऱ्यातील उगमाकडच्या पाड्यांपासून प्रकाशाच्या संगमापर्यंतच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी वर्षातून एकदा जरी एकत्र बसले आणि खात्यांचे अधिकारी त्यांच्यापुढे आपापले आराखडे घेऊन आले, तरी आजवर न घडलेली गोष्ट घडेल. पहिल्या सभेत भांडणे होतील. जमिनीची जुनी प्रकरणे निघतील, वाळूची निघतील, मजुरीची निघतील. ती निघू द्यावीत. ज्या दोन काठांनी पन्नास वर्षे एकमेकांशी फक्त मालक आणि मजूर म्हणून व्यवहार केला, त्यांना एका नदीचे वाटेकरी म्हणून बोलावयास थोडा वेळ लागणारच. भूगर्भातले पाणी मात्र कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही.